बँकेचे पत्र टपालात कोणी टाकले?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की सीएच्या परीक्षेत चमकलेल्या गोमंतकीय मुलांचे फोटो आपल्या अंकात झळकतात. १ जुलै हा सनदी लेखापाल दिन. १९४९ साली याच तारखेला त्यांची संस्था स्थापन झाली. मुलांचे कौतुक व्हायलाच हवे, पेपर कठीण असतात. या निमित्ताने एक रुक्ष विषय मांडायचा आहे, आणि त्याला जागा थोडी जास्त लागेल.

हिशेबाच्या व्यवसायातली नीतिमत्ता आपल्याकडे कलमांच्या पाठांतरातून शिकवली जाते. सीएच्या इंटरमीजिएटला पाचव्या पेपरचे नावच 'ऑडिटिंग अँड एथिक्स' आहे, फायनलच्या तिसऱ्या पेपरच्या नावातही 'प्रोफेशनल एथिक्स' आहे. पण हा भाग पुस्तकात शेवटी, म्हणून वर्गातही शेवटी. बी.कॉम.ला तर चवथीची सुट्टी, युवा महोत्सव आणि अंतर्गत परीक्षा यांतून जे दोन तास उरतील त्यांत तो उरकतात. सचोटी, वस्तुनिष्ठता, व्यावसायिक क्षमता व दक्षता, गोपनीयता, व्यवसायाला शोभेल असे वर्तन ही पाच तत्त्वे मुले घडाघडा म्हणून दाखवतात. स्वार्थ, स्वतःच्याच कामाची तपासणी, अशिलाची वकिली, घसट आणि दडपण हे पाच धोकेही तोंडपाठ असतात. समोर फाईल ठेवली आणि यातला कोणता धोका कुठल्या कागदात दिसतो असे विचारले की वर्ग गप्प होतो.

सीए कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या पहिल्या भागाचे कलम ८ घ्या. आधीच्या लेखापरीक्षकाला लेखी कळवल्याशिवाय त्याच्या जागी नेमणूक स्वीकारायची नाही. एवढे लिहिले की गुण पडतात. हे पत्र का पाठवायचे, असे विचारले तर बहुतेकांची मजल 'व्यवसायबंधूंविषयी सौजन्य' इथवरच जाते. सौजन्य असेलही, पण ते दुय्यम. जुन्या ऑडिटरने साठ्याच्या आकड्यावर सही करायला नकार दिला म्हणून त्याला घालवले असेल, तर ते नव्याला सांगायची संधी त्याला या पत्राच्या उत्तरात मिळते. म्हणूनच पत्र पोचल्याचा पुरावा लागतो: पोचपावतीचे टपाल, किंवा हातात देऊन घेतलेली सही. 'फोनवर बोलणे झाले होते' हे शिस्तपालन समितीपुढे टिकत नाही. कंपनीच्या ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिला असेल तर त्याला ३० दिवसांत एडीटी-३ हा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कारण लिहावे लागते. तिथे 'इतर कामांचा व्याप' एवढेच लिहिलेले दिसले, तर नव्या माणसाने कान टवकारावेत.

आता शीर्षकातल्या पत्राकडे येतो.

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. बँकेतली ५,०४० कोटींची शिल्लक अस्तित्वातच नव्हती, तिच्यावर येणे दाखवलेले ३७६ कोटींचे व्याज खोटे होते, १,२३० कोटींचे देणे पुस्तकात नव्हते आणि येणी ४९० कोटींनी फुगवलेली होती. वर्गात हा प्रसंग 'संचालकांची लबाडी' म्हणून सांगितला जातो आणि विषय संपतो. विद्यार्थ्याने लक्ष द्यावे ते २०११ साली अमेरिकेच्या रोखे नियामकाने सत्यमचे ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाऊसच्या भारतीय फर्मांवर जे बोट ठेवले त्याकडे. बँकेकडून शिल्लक कळवून घेण्याची पत्रे पाठवणे आणि त्यांची उत्तरे स्वीकारणे हे काम ऑडिटरने कंपनीच्याच हाती सोडून दिले होते, असे त्या आदेशात म्हटले आहे. म्हणजे ज्याची तपासणी करायची त्यालाच साक्षीदार आणायला पाठवले. त्या आदेशानंतर नऊ वर्षांनी, २०२० च्या जूनमध्ये, जर्मनीच्या वायरकार्डमध्ये १.९ अब्ज युरोंची शिल्लक अशीच हवेत विरली; फिलिपाइन्सच्या दोन बँकांनी सांगितले की आमच्या नावाचे हे कागद बनावट आहेत.

लेखापरीक्षण मानक ५०५ बाहेरच्या पक्षाकडून खातरजमा करण्याविषयी आहे. त्याचा गाभा एकच: पत्रावरचा ताबा ऑडिटरकडे राहिला पाहिजे. प्रत्यक्षात हे कसे करतात ते वर्गात हाताने करून घेता येते. आधी बँकखात्यांची यादी करायची, आणि ती कंपनीने दिलेली यादी नव्हे. मागच्या दोन वर्षांच्या फायली, कर्जमंजुरीची पत्रे आणि चेकबुकांची अर्धुके यांवरून ती उभी करायची. शून्य शिल्लक असलेली आणि वर्षभरात बंद झालेली खातीही त्यात घ्यायची, कारण लपवलेले कर्ज किंवा तारण बहुधा अशाच खात्याच्या आडोशाला असते. पत्रावर कंपनीची सही लागते, नाहीतर बँक माहिती देणार नाही. सही झाली की मात्र पत्र ऑडिटरच्या माणसाने टपालात टाकायचे. बँकेचा पत्ता कंपनीच्या लेटरहेडवरून उचलायचा नाही, बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यायचा. उत्तर ऑडिटरच्या कार्यालयात थेट यायला हवे. ईमेलने आले तर पत्त्यातला '@' नंतरचा भाग एकेक अक्षर वाचायचा. उत्तर नाही आले तर दुसरे पत्र, तरीही नाही तर शाखेत जाऊन चौकशी आणि तशी लेखी नोंद.

हे बिघडते ते लबाडीपेक्षा आळसाने. सप्टेंबर महिना, टॅक्स ऑडिटची घाई, शाखा म्हापशात आणि आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारा उमेदवार, मडगावात. कंपनीचा अकाउंटंट म्हणतो, 'बँकेत रोज जातोच आहे, मी घेऊन येतो.' तो खरेच घेऊनही येतो, शिक्क्यासकट. फाईलला टाचले की काम झाले. घसट म्हणजे काय, हे याच्याहून सोप्या उदाहरणाने समजवता येणार नाही.

पत्राच्या जोडीला एक साधा ताळा असतो आणि मुलांना तो आवडतो. मुदतठेवी दाखवल्या आहेत ना, मग व्याज किती यायला हवे ते सरासरी शिल्लक आणि दर घेऊन काढायचे. बँक व्याज देते तेव्हा टीडीएस कापते आणि तो आयकर खात्याच्या करकपातीच्या उताऱ्यात (फॉर्म २६एएस) दिसतो. पुस्तकात व्याज आहे पण २६एएसमध्ये त्या बँकेचे नावच नाही, असे असेल तर ठेव आहे का हाच प्रश्न. दहा मिनिटांचे काम.

गोव्यात शिकणाऱ्यांनी दुसरा धडा खनिजाच्या ढिगावर गिरवावा. साठा मोजण्याविषयी मानक ५०१ आहे, ऑडिटरने स्वतः नेमलेल्या तज्ज्ञाच्या कामाविषयी ६२०, आणि कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञाच्या कामाविषयी ५००. पुस्तकातली उदाहरणे कापडाच्या ताग्यांची किंवा नटबोल्टांची. आपल्याकडे डिचोली, सांगे, सत्तरीत ढीग पडलेले आहेत. समजा एक ढीग शंकूच्या आकाराचा आहे, त्रिज्या २० मीटर, उंची ९ मीटर. घनफळ येते सुमारे ३,७७० घनमीटर. आता टन काढायला घनता हवी. २.२ धरली तर ८,२९४ टन, २.५ धरली तर ९,४२५ टन. फरक १,१३१ टनांचा. टनाला १,५०० रुपये धरले तर नफ्यात जवळपास १७ लाखांची हालचाल, आणि ढिगावरचा एक दगडही हललेला नाही.

मग घनता आली कुठून? ठराविक मापाच्या लोखंडी खोक्यात माल भरून तोलतात. खोके हलके भरले की ठासून, नमुना ढिगाच्या वरून घेतला की पोटातून, यावर आकडा बदलतो. पाच पावसाळे खाल्लेला ढीग बसलेला असतो, ताजा सैल. ओलाव्याचेही तसेच: ८ टक्के ओलावा वजा केला तर ९,४२५ ओले टन ८,६७१ कोरडे टन होतात, करार कोरड्या टनाचा आणि पुस्तक ओल्या टनाचे असेल तर साठा फुगलेला आहे. ढिगाखालची जमीन सपाट धरलेली असते, ती आपल्या डोंगरउताराला कुठे सपाट असायला? त्यातून सर्वेक्षण मे महिन्यात झालेले आणि ताळेबंद ३१ मार्चचा, म्हणजे मधल्या काळातली वाहतूक वजनकाट्याच्या पावत्यांवरून उलटी मोजत मागे जायचे. हल्ली ड्रोनने घनफळ बरेच नेमके येते, पण घनता ड्रोन सांगत नाही.

यात नीतीचा प्रश्न कुठे आला, असे विद्यार्थी हमखास विचारतात. सर्वेक्षकाला कंपनीने नेमले, मागच्या वर्षी घनता २.२ होती आणि या वर्षी, बँकेचे कर्ज नव्याने करायचे आहे नेमक्या त्याच वर्षी, ती २.५ झाली. सर्वेक्षक परवानाधारक, अहवाल गुळगुळीत कागदावर. त्यावर विसंबून सही करणारा ऑडिटर कुठलेच कलम उघड उघड मोडत नाही. 'घनता का बदलली, चाचणीचा कागद दाखवा' हा प्रश्न त्याने लेखी विचारला की नाही, एवढ्यावरच सीए कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातले 'योग्य दक्षता न घेणे' लागू होईल की नाही ते ठरते. आणि हा विषय गोव्याला नवा नाही. गोव्यातल्या बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल २०१२ चा. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले तेव्हा वसुलीच्या संदर्भात विशेष तपास पथकाबरोबर सनदी लेखापालांच्या पथकाचाही उल्लेख केला. निर्यातीच्या किमती, संबंधित कंपन्यांना केलेली विक्री, स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हिशेब हे सगळे लेखापालाच्याच टेबलावर येते. खनिज विकून आलेला पैसा हे राज्याचे उत्पन्न की वडिलोपार्जित ठेव मोडून मिळालेली रक्कम, हा वाद तर लेखाशास्त्राच्या कुठल्याही वर्गात तास-दोन तास रंगेल. भांडवली जमा आणि महसुली जमा यांतला फरक मुलांना इतका चांगला दुसऱ्या कशाने समजायचा नाही.

तिसरे क्षेत्र पतसंस्था आणि सहकारी बँका. म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा तिथे २१,०४९ बनावट खात्यांआड एका बांधकाम समूहाची कर्जे दडवल्याचे उघड झाले. या तीन बँकांची कारणे वेगवेगळी, त्यांना एका माळेत ओवायचे नाही. पण ठेवीदारांच्या गावात वाढलेल्या विद्यार्थ्याला थकीत कर्ज कसे झाकतात हे दिसायला हवे.

पद्धत जुनी आहे. कर्ज थकले की बँकांना ९० दिवसांनंतर ते अनुत्पादक ठरवावे लागते, तरतूद करावी लागते, व्याज उत्पन्नात धरता येत नाही. ते टाळायला ३१ मार्चच्या आत त्याच माणसाला, त्याच्या भावाला किंवा जामीनदाराला नवे कर्ज देऊन जुने फेडून घेतात. पुस्तकात वसुली दिसते, लाभांश वाटला जातो. शोधायची रीत अशी: कर्जखात्यांची यादी एक्सेलमध्ये घ्यायची, २० मार्च ते १० एप्रिल या काळात बंद झालेली आणि उघडलेली खाती वेगळी काढायची, एकीकडे बंद झालेली रक्कम आणि दुसरीकडे दिलेली रक्कम मांडायची, मग कर्जदार, जामीनदार, पत्ता आणि पॅन यांवरून जोड्या लावायच्या. ३० मार्चला ४,८७,००० चे खाते बंद आणि त्याच दिवशी त्याच जामीनदाराच्या नावे ५ लाखांचे नवे, अशी जोडी मिळाली की व्हाउचर काढून पैसा कुठून कुठे गेला ते पाहायचे. प्रत्येक जोडी ही लबाडी नसते. सोनेतारणाचे नूतनीकरण रास्त असते, व्याज कर्जदाराच्या खिशातून आले असेल तर. ते खरेच खिशातून आले का, हे पाहणे हीच तपासणी.

पिग्मीचे तर आणखी सोपे. पंचवीस खाती निवडायची, एजंटाला बरोबर न घेता बाजारात जायचे, ठेवीदाराच्या हातातले पासबुक बघायचे आणि संस्थेच्या खतावणीशी जुळवायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे एका सकाळीत होते. दोन-तीन दिवसांचा फरक चालतो, जमा केलेला पैसा वाटेत असतो. पंधरा दिवसांचा फरक असेल तर तो पैसा एजंट वापरतो आहे. उलट बाजूनेही जायचे, म्हणजे खतावणीतून नाव घेऊन माणूस शोधायचा. माणूसच सापडला नाही तर प्रश्न वेगळाच.

एक मुद्दा फक्त आपल्याकडचा आहे आणि तो पुस्तकात मिळणार नाही. कंपनी कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे ऑडिटरने त्या कंपनीचा एकही शेअर बाळगायचा नाही. नातेवाइकाला मात्र दर्शनी किमतीने १ लाखापर्यंत चालतात, आणि मर्यादा ओलांडली तर ६० दिवसांत दुरुस्त करायची सवलत आहे. पण गोव्यातल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते. आयकर कायदाही (१९६१ च्या कायद्यात कलम ५अ) याच आधारावर पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे वाटतो. मग पत्नीच्या नावावर असलेल्या ८०,००० च्या शेअरांत नवऱ्याचा निम्मा वाटा धरायचा की नाही? धरला तर तो नातेवाइकाचा शेअर राहत नाही, ऑडिटरचा स्वतःचा होतो, आणि स्वतःला मर्यादा शून्य आहे. आमचे मत: शंकेचा फायदा स्वतःला घ्यायचा नाही, नेमणूक स्वीकारण्याआधी ते शेअर विकून मोकळे व्हावे. दुसरे मतही मांडता येईल. वर्गात दोन गट करून यावर वाद घालावा, कलम पाठ करण्यापेक्षा बरे.

घरच्याच जमिनीचा प्रश्न नेटवर्थच्या, म्हणजे देणी वजा जाता मालमत्ता किती हे सांगणाऱ्या सीएच्या दाखल्यात येतो. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मुलाच्या व्हिसासाठी दाखला हवा असतो, आणि यादीत पहिलीच नोंद वडिलोपार्जित जमीन. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) आजोबांचे नाव, वाटणी झालेली नाही, किंमत शेजारी म्हणाला तेवढी. कब्जेदाराच्या रकान्यातले नाव म्हणजे मालकी नव्हे, हे इथल्या मुलाला घरीच माहीत असते. दाखला लिहिताना मात्र विसरते. लिहायचे असेल तर हिस्सा किती, कोणत्या कागदावरून, मूल्यांकन कोणाचे आणि कोणत्या तारखेचे, हे सगळे दाखल्यात यायला हवे. २०१९ पासून अशा प्रत्येक दाखल्याला १८ अक्षरांचा यूडीआयएन क्रमांक लागतो, सहीनंतर ६० दिवसांत तो काढावा लागतो आणि तो खरा आहे का हे कोणीही संस्थेच्या संकेतस्थळावर तपासू शकतो. झेरॉक्सच्या दुकानात तयार होणाऱ्या बनावट शिक्क्यांना त्याने आळा बसतो. आतला मजकूर खरा आहे याची हमी मात्र यूडीआयएन देत नाही, ही गफलत बँकांचे अधिकारीही करतात. जमीनव्यवहाराचेच आणखी एक: ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने, अशिलाच्या वतीने स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री करणारा किंवा त्याचे पैसे हाताळणारा सीए मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आला. किनारी तालुक्यांत जमिनीचा बाजार कसा चालतो हे सांगायला नको, तेव्हा गोव्यातल्या मुलांनी ही अधिसूचना मुळातूनच वाचलेली बरी.

लहान कंपन्यांत सर्रास चालणारी आणखी एक गोष्ट. ऑगस्टमध्ये आर्टिकल अशिलाच्या कार्यालयात बसून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करतो. सप्टेंबरमध्ये तोच आर्टिकल त्याच नोंदींवर हिरव्या पेन्सिलीने खुणा करून 'तपासले' म्हणतो. कंपनी कायद्याचे कलम १४४ कंपनीच्या ऑडिटरला त्याच कंपनीची पुस्तके लिहायला मनाई करते, आणि नातेवाइकाच्या किंवा जोडफर्मच्या नावाने आडून लिहायलाही. मालकाकडे दुसरा माणूस नसतो, फी तुटपुंजी असते, हे सगळे खरे. त्यावरचा उपाय म्हणजे ऑडिट सोडणे किंवा लिहिणे सोडणे. तिसरा नाही.

टॅलीवरून आठवले. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या संगणकीय हिशेबात प्रत्येक बदलाची नोंद राहील असे सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, ती नोंद बंद करता येता कामा नये, आणि ती वर्षभर चालू होती का हे ऑडिटरने अहवालात सांगायचे आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका तासात हे दाखवता येते: व्हाउचर करा, रक्कम बदला, तारीख मागे न्या, मग एडिट लॉग उघडून कोणी केव्हा काय बदलले ते वाचा. साध्या टॅली प्राइममध्ये लॉग बंद ठेवता येतो, एडिट लॉगच्या आवृत्तीत ठेवता येत नाही, हा फरकही कळेल. मोठ्या प्रणालींत कोणी थेट डेटाबेसमध्ये शिरून आकडा बदलला तर वरच्या थरातला लॉग आंधळा असतो, म्हणून बऱ्याच अहवालांत तेवढ्यापुरता अपवाद नोंदवलेला दिसतो. ही सक्ती कंपन्यांना आहे. पतसंस्था आणि देवस्थाने यांना नाही, हेही लक्षात ठेवावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर सध्या परिसंवाद बरेच होतात, त्यामुळे इथे दोनच गोष्टी. अशिलाचा ताळेबंद फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून 'टिपा काढून दे' म्हणणे हा दुसऱ्या परिशिष्टाच्या पहिल्याच कलमाशी, म्हणजे गोपनीयतेशी खेळ आहे. आणि यंत्राने दिलेला संदर्भ मुळाशी जाऊन पाहिला नाही तर काय होते ते ऑस्ट्रेलियात २०२५ साली दिसले: सुमारे ४ लाख ४० हजार डॉलरच्या सरकारी अहवालात नसलेले संदर्भ आले आणि डेलॉइटला पैशांचा काही भाग परत करावा लागला.

शिकणाऱ्याची स्वतःची नीती हा विषय तर वर्गात कोणी काढतच नाही. अमेरिकेत २०२२ साली अर्न्स्ट अँड यंगला १० कोटी डॉलरचा दंड झाला, कारण तिच्या लोकांनी परीक्षेत कॉपी केली होती, आणि त्यात परवान्यासाठीची नीतिशास्त्राची परीक्षाही होती! हसू येते, पण आपल्याकडची डमी आर्टिकलशिप याहून वेगळी कुठे आहे? नाव एका कार्यालयात, मुलगा क्लासमध्ये, हजेरीपट महिन्याअखेरीस एकाच शाईने भरलेला. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली आहे. त्यातलेही वर्ष कागदावरच काढले तर आर्टिकलशिप पुरी झाल्याच्या फॉर्म १०८ वर जी सही होते ती त्या मुलाच्या व्यवसायातली पहिली खोटी सही ठरते. तो ज्या सीएकडे शिकतो त्या प्रिन्सिपलचीही.

शिकण्यासाठी साहित्य कुठून आणायचे, असा प्रश्न येईल. राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण, म्हणजे एनएफआरए, १ ऑक्टोबर २०१८ पासून अस्तित्वात आहे आणि त्याचे शिस्तभंगाचे आदेश संकेतस्थळावर फुकट मिळतात. सूचिबद्ध कंपन्या आणि मोठ्या असूचिबद्ध कंपन्या त्याच्या कक्षेत येतात. गोव्यातल्या बहुसंख्य कंपन्यांना ते लागू नाही, तिथे सीए संस्थेची शिस्तपालन यंत्रणाच. तरी शिकायला हे आदेश उत्तम. कॉफी डे समूहाचे २०२३ मधले आदेश घ्या: उपकंपन्यांतून ३,५३५ कोटी रुपये प्रवर्तकांशी संबंधित एका कंपनीकडे गेले होते, आणि तेच पैसे गोल फिरवून येणी वसूल झाल्यासारखी दाखवली होती. वर सांगितलेली पतसंस्थेची युक्ती आणि ही एकाच जातीची, फक्त शून्ये जास्त.

आदेश वाचायचीही रीत आहे. आधी आरोप वाचायचा, मग ऑडिटरने दिलेले उत्तर, आणि तिथे कागद झाकून स्वतः निर्णय लिहायचा: हे उत्तर मान्य करायचे की नाही, आणि फाईलमध्ये कोणता कागद असता तर तो सुटला असता? त्यानंतर प्राधिकरणाचे म्हणणे उघडायचे. पाच आदेश असे वाचले की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: काम केले असे तोंडी म्हणणे आहे, पण फाईलमध्ये त्याचा माग नाही. मानक २३० प्रमाणे अहवालानंतर साधारण ६० दिवसांत फाईल बांधून बंद करायची असते. नंतर घुसवलेला कागद तारखेवरून ओळखू येतो. २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने मानक ६०० बदलण्याचा प्रस्ताव मांडला, त्यावर सीए संस्थेने हरकत घेतली. मुख्य कंपनीच्या ऑडिटरने उपकंपनीच्या ऑडिटरवर किती विसंबायचे, आणि जबाबदारी वाढवली तर लहान फर्मांचे काम जाईल का, हा वाद आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे मुलांनी वाचावे. आमचा कल प्राधिकरणाकडे आहे, पण लहान फर्मांची भीतीही निराधार नाही.

आदेश जड वाटत असतील तर सोप्या कागदापासून सुरुवात करा. बँका आणि विमा कंपन्या सोडून कोणत्याही सूचिबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालात ऑडिट अहवालाच्या मागे कारो २०२० चे, म्हणजे ऑडिटरने कोणत्या मुद्द्यांवर बोलायचे हे ठरवणाऱ्या सरकारी आदेशाचे, जोडपत्र असते. त्यातल्या तीन जागा पाहायच्या. स्थावर मालमत्तेचे दस्त कंपनीच्या नावावर नाहीत अशी नोंद आहे का. ५ कोटींच्या वर खेळत्या भांडवलाची मर्यादा असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणे पुस्तकांशी जुळतात का. जुळत नसतील तर तक्त्यातला फरक नेहमी एकाच दिशेचा आहे का. आणि वर्षभरात ऑडिटरने राजीनामा दिला असेल तर जाणाऱ्याने काय आक्षेप घेतले होते. खासगी कंपनीचे जाहीर कागद कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून पाहता येतात. वीस मुलांच्या वर्गाला पाच-पाच रुपये पडतील.

महाविद्यालयांकडे मागणी एवढीच की नीतिमत्तेचे हे प्रकरण जूनमध्येच घ्या, शेवटाला ठेवू नका. पुढचे प्रत्येक प्रकरण शिकवताना त्याचा कागद समोर ठेवा. प्रश्नपत्रिकेत 'पाच तत्त्वे लिहा' याऐवजी बँकेचे एक उत्तर छापा, त्यात ईमेलचा पत्ता किंचित चुकीचा ठेवा, आणि पुढे काय कराल ते विचारा.

आपल्याकडेही एक मागणी आहे. आर्थिक वर्ष सरले की काही सहकारी बँकांचे ताळेबंद वृत्तपत्रांत अर्धे पान जाहिरात म्हणून येतात. त्यांत ऑडिट अहवाल अगदी बारीक टाइपात असतो, बऱ्याचदा भिंगाशिवाय वाचता येत नाही. पुढच्या वर्षी जाहिरात घेताना तेवढा मजकूर बाकीच्या आकड्यांइतक्याच टाइपात लावायला सांगाल का? पान कापून वर्गात नेता येईल.

आपले नम्र,
लेखापरीक्षण शिकवणारे दोघे,
फोंडा, गोवा